सर्वणचा डबा

पार्से, पेडणे
१८ ऑगस्ट २०२४

ती. कुसुमआत्यांना,
सोनालीचा नमस्कार.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्ही नुसतं 'हां, हां' म्हणता त्यावरून मला काही समजत नाही. परवा मी शमिकाच्या पोटाचं सांगत होते आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं, विहिरीला पाणी लागलं. म्हणून हे पत्र. मशीन कानाला लावायचं नसेल तर निदान पत्र वाचायला चष्मा तरी लावा.

बांबोळीच्या इस्पितळात तिच्या घशातून नळी घालून आतड्याचा कण काढला होता, त्याचा निकाल आला. जुलैत तुमच्यासमोर सांगितलेला डॉक्टरांचा गव्हाचा संशय खरा निघाला. सीलिअ‍ॅक म्हणतात या दुखण्याला. गव्हात आणि सातूत ग्लूटेन नावाचं एक चिकट द्रव्य असतं. ते पोटात गेलं की हिच्या आतड्याची आतली लव झडत जाते. मग काहीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. आम्ही पाव खा, चपाती खा, शिरा खा म्हणून मागे लागायचो आणि पोर वाळत जायची. सहा वर्षांची झाली, पण अंगावर चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक बसतो. औषध नाही. गहू सोडायचा, तोही जन्मभर, एवढाच उपाय.

तुम्ही जुलैत येऊन राहिलात तेव्हा सुरय जातीच्या तांदळाचं पीठ ठेवून गेला होतात, ते तिला फार मानवलं. पोट मऊ झालं. एकदा तर दुसरी भाकरी मागून घेतली. ते आता संपलं. इथल्या गिरणीत गहू, तांदूळ सगळं एकाच चक्कीवर दळतात, तिथलं पीठ आणू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तुमच्या घरघंटीत फक्त तांदूळ पडतो. आणखी थोडं पाठवाल का?

प्रमोद मोपाच्या विमानतळावर शिफ्टमध्ये असतात, मी काजूच्या कारखान्यात पॅकिंगला. दिवसभर शमिका आईंपाशी असते. आई या पथ्याबद्दल हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. ऐकतात आणि उठून मागच्या दारी जातात. सासूने चार शब्द सुनावले असते तर मी उत्तर तरी दिलं असतं. या गप्प बसण्याचीच मला भीती वाटते.

तुमची,
सोनाली

*

सर्वण, डिचोली
२५ ऑगस्ट २०२४

चि. सोनाली,
अनेक आशीर्वाद.

चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्म्याचा काही उपयोग झाला नाही.

पीठ पाठवते आहे. तांदूळ आपल्याच शेतातला, निवडलेला, धुऊन सावलीत वाळवलेला. डबा मला शाळेतून निवृत्त होताना मिळाला होता, झाकण असं घट्ट आहे की मुंगीलाही वाट सापडायची नाही. पण असा एकच आहे, तेव्हा परत पाठव म्हणजे पुन्हा भरता येईल. गोकुळदासाची बस रोज पेडण्यापर्यंत जाते. पार्सेच्या तिठ्यावर तो डबा उतरवील, परतीला घेईल. मी त्याला तिसरीत पाढे शिकवले आहेत, त्यामुळे तो मला नाही म्हणायला घाबरतो.

वहिनीच्या गप्प बसण्याला भिऊ नकोस. तुमच्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा मी परकरी वयाची होते. तेव्हापासून बघते, तिला जेवढं जास्त लागतं तेवढं ती कमी बोलते. तुझ्या सासूला ओळखायला अजून वेळ लागेल तुला.

शमिकाला सांग, आत्याआजीने पिठात पापा घालून पाठवला आहे.

तुझी,
कुसुमआत्या

*

पार्से
१० सप्टेंबर २०२४

ती. आत्यांना,
नमस्कार.

चवथ पार पडली. मला सणाचीच धास्ती होती. शेजारणी सारण भरलेल्या नेवऱ्यांची ताटं घेऊन येतात, त्यात मैदा. पोरं हातात नेवरी घेऊनच फिरतात. पण शमिका स्वतःच सगळ्यांना सांगत होती, 'म्हाका जायना ती.' मी तिच्यासाठी तुमच्या पिठाच्या पातोळ्या केल्या. हळदीच्या पानासकट खायला निघाली होती.

वजन वाढलं आहे. गाल किंचित भरलेत, की मलाच तसं वाटतं, कोण जाणे. सकाळी पाववाला पोदेर भोंपू वाजवत येतो तेव्हा मात्र ती आतल्या खोलीत जाऊन बसते. तिला गरम उंडो पाव फार आवडायचा. रडत नाही, नुसती कानावर हात ठेवून बसते. तेवढं बघवत नाही.

घरात आता गहू शिजत नाही. आईंनी आपणहून चपाती सोडली, मी सांगितलं नव्हतं. उरलेल्या कणकेची मोठी बरणी तेवढी फडताळात आहे. मी टाकून द्या म्हटलं तर आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ती परत आत ठेवली. अन्न टाकणं त्यांच्या हातून होणार नाही. बंद आहे तर असू दे म्हटलं.

डबा रिकामा करून ठेवला आहे. मी कारखान्यात असते, तेव्हा दुपारी आई तो फडक्यात बांधून तिठ्यावर गोकुळदासाला देतील. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यातच ठेवते, म्हणजे हरवायचं नाही.

सोनाली

*

सर्वण
१४ सप्टेंबर २०२४

चि. सोनाली,
आशीर्वाद.

पत्र झटकून वाचलं. पातोळ्यांचं वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या मनीषाला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, हळू, मी बहिरी नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागली, चांगल्या अर्थाने. आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. माझ्या आईने ही रीत सांभाळली, वहिनीने सांभाळली. हल्लीच्या मुली हे विसरल्या असं मी म्हणायचे, ते शब्द मागे घेते. एवढ्या काळजीत असूनही तू विसरली नाहीस. रोज सकाळी चहाबरोबर तुझी आठवण काढते.

डबा पुसून, भरून पाठवला आहे. पोरीला पोटभर घाल.

कुसुमआत्या

*

पार्से
२ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांना,
नमस्कार.

तुम्ही नुसत्या पत्रालाच भरलेला डबा मानता, हा तुमचा मोठेपणा. मला मात्र आज चांगलं काही लिहिता येत नाही.

सगळं परत आलं आहे, आत्या. गेल्या आठवड्यापासून शमिकाचं पोट पुन्हा ढोलासारखं झालं. खाल्लेलं तासाभरात निघून जातं. केस विंचरताना फणीत झुपके येतात, ते मी तिला दिसू नयेत म्हणून मुठीत धरते. पहिल्यांदा दुखलं की ती ओरडायची. आता ओरडत नाही. मी विचारलं तर म्हणते, 'आई, दुखना. तू विचारू नको.' माझी भीती कमी व्हावी म्हणून ती खोटं बोलायला शिकली आहे.

म्हापशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, पथ्य मोडलं का? मी छातीठोकपणे नाही म्हणाले. ते म्हणाले, चिमूटभर नव्हे, नखाला लागलेलं पीठसुद्धा हिला पुरतं. घरात शोधा. मी शोधलं. लाकडी पोळपाट जाळला, तवा नवा आणला, चाळण नवी आणली. हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळतात असं कळलं, तोही काढला. आता उरलं काय?

राग मानू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या घरघंटीत चुकून कधी कुणी गहू दळला असेल का? मनीषाताईंनी वगैरे?

पीठ संपत आलं आहे. डबा पाठवते आहे. काही चुकलं असेल तर क्षमा करा, माझं डोकं ठिकाणावर नाही.

सोनाली

*

सर्वण
६ ऑक्टोबर २०२४

चि. सोनाली,
आशीर्वाद.

राग आला होता, तो गोकुळदासाला बोलून मोकळी झाले. त्याचा काही संबंध नव्हता. आता शांतपणे लिहिते.

घरघंटीत आणल्या दिवसापासून तांदूळ आणि कधीमधी नाचणी, यापलीकडे दाणा पडलेला नाही. मनीषाला मी हात लावू देत नाही, विचार तिला. तुझं पत्र आल्यावर तरीही यंत्र उघडून घेतलं, ब्रशने झाडलं, आतली जाळी उकळत्या पाण्यात टाकली. मग देवापुढे बसले आणि नव्याने दळलं. या पिठात दोष असेल तर माझ्या हातात आहे.

तेव्हा शोध तुझ्याच घरात घ्यायला हवा. शाळेत डबा बदलून खाते का? शेजारी कुणी लाडाने बिस्किट देतं का? आणि स्पष्टच लिहिते, वहिनीला एकदा विचार. तिचा हात सढळ आहे, पोर रडवेली झाली की तिला राहवत नाही. पण विचारताना जपून विचार. तिचं एक जुनं दुखणं आहे, ते मी कागदावर लिहिणार नाही.

डबा भरला आहे. तुझ्या घरून आलेलं नेहमीप्रमाणे पावलं, पण या दिवसांत ही रीत नाही पाळलीस तरी चालेल.

मला झोप नाही. लवकर कळव.

कुसुमआत्या

*

पार्से
१७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांना,

सापडलं. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

तुम्ही आईंना विचार म्हणालात. मी विचारलं नाही, आधी पाहिलं. फडताळातली कणकेची बरणी चवथीला काठोकाठ होती. चार दिवसांपूर्वी उघडली तर अर्ध्याच्याही खाली गेलेली. घरात कुणी गहू खात नाही. प्रमोद खात नाहीत, मी खात नाही, आई आमच्यासमोर खात नाहीत. मग दिवसभर या घरात आई आणि शमिका दोघीच असताना ती कणीक कुणाच्या पोटात जाते?

मी आईंसमोर बरणी ठेवली आणि म्हणाले, 'ही कुणी खाल्ली?' त्या म्हणाल्या, 'कोणी खावक नाय.' एवढंच. डोळे खाली. माझा तोल गेला, आत्या. आजपासून तुम्ही तिच्या ताटाला हात लावायचा नाही, असं मी माझ्या सासूला तोंडावर सांगितलं. प्रमोद बाजूलाच उभे होते. आई ओट्यापासून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, 'माज्या हाताक येस ना, खरां तां.' म्हणजे कबूलच केलं ना? त्यांच्या हाताला यश नाही, हे त्या स्वतःच म्हणाल्या.

कारखान्यातून रजा घेतली आहे. शमिकाला माझ्या नजरेआड करत नाही, तुमच्या पिठाची भाकरी माझ्या हाताने करते, माझ्या हाताने भरवते. तरी काल रात्रभर तिला जुलाब. आज उभं राहताना भिंत धरली. आईंना थांबवून चार दिवस झाले, तरी का? आधीचं पोटात साठलेलं असेल, नाही का? तसंच असेल ना?

डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर बांबोळीला भरती करायची. पथ्य पाळूनही असं होत असेल तर दुसरं काहीतरी शोधावं लागेल. त्या दुसऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मी तिच्याकडे बघते आणि मला वाटतं, ही माझ्या हातून जाणार. कुणाला सांगू? माझ्या आईला फोन केला तर ती सावंतवाडीहून रडत येईल. म्हणून तुम्हाला सांगते.

पीठ माझ्या बरणीत काढून घेतलं आहे. रिकामा डबा दारात आहे. आई म्हणाल्या, डबा तरी मी नेऊन देते. तेवढं करू दिलं.

सोनाली

*

सर्वण
१८ ऑक्टोबर २०२४

सोनाली,

या पत्राबरोबर डबा नाही. आधी उठ आणि सर्वणहून आलेलं पीठ, बरणीत असेल तेवढं, शमिकाच्या वाट्यातून काढून टाक. बरणी बाहेर ठेव. मग पुढचं वाच.

ती कणीक मी खाल्ली.

डबा प्रत्येक वेळी तुझ्या पत्राखाली तीन-चार ओंजळी कणीक घेऊन यायचा. मला वाटलं तूच घालतेस, घरात गहू बंद झाला, कणीक फुकट जाऊ नये आणि भांडंही रिकामं जाऊ नये म्हणून. मी रीत सांभाळलीस म्हणून तुझं कौतुक करत बसले. ती परातीत काढून घ्यायची, डबा बुडावर थापटायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा. पिठाचा डबा धुवायचा नाही, ओल राहते आणि किडे होतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि मग त्याच डब्यात तुझ्या पोरीचं पीठ भरायचं. त्याच फडक्याने झाकणाची कड पुसायची.

आजही डबा आला. उघडला तर वर तुझं पत्र आणि खाली कणीक. पत्र वाचता वाचता बरणीच्या ओळीपाशी आले आणि हातातला कागद खाली ठेवला. डब्याच्या कडेच्या खाचेत बोट फिरवलं. नखात पांढरं आलं. डॉक्टर नखाएवढं म्हणाले होते ना?

घरघंटी मी उकळत्या पाण्याने धुतली. गिरण, चाळण, तवा, हिंग सगळं तू शोधलंस. डबा तुझ्या-माझ्या हातातून जात होता, तो कुणाच्या ध्यानात आला नाही. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. मी तर तो पुसत होते.

आता वहिनीचं. जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिते, कारण तू तिला जे बोललीस ते पुसायला दुसरं काही पुरणार नाही. प्रमोदच्या आधी तिला मुलगी होती, रेवती. शमिकाएवढीच असताना गेली. असंच पोट, असेच हातपाय. कुणाला काही कळलं नाही. अंगात ताकद यावी म्हणून वहिनी तिला रोज गव्हाची खीर भरवायची. शेवटपर्यंत भरवत होती. रेवतीला हेच होतं की आणखी काही, ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण जुलैत तू डॉक्टरांचं गहू म्हणून सांगितलंस आणि ती उठून मागच्या दारी गेली, तेव्हा मी तिथे होते. ती नळाखाली हात धूत उभी होती. किती वेळ धूत होती.

हाताला यश नाही म्हणाली, ते हे. ती कबुली नव्हती गं.

गोकुळदासाला सांगितलं आहे, पत्र घरी नेऊन हातात द्यायचं. पीठ काढलंस का ते त्याच्याजवळ सांग.

कुसुम

*

पार्से
२० ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांना,
नमस्कार.

पीठ काढलं, बरणी काढली. तोवर भात आणि पेज देते आहे. शमिका झोपली आहे, तिच्या पोटावर हात ठेवून लिहिते.

पत्र मी आईंना वाचून दाखवलं. रेवतीचा भाग वगळणार होते, पण मग वाटलं, या घरात न बोलून पुष्कळ झालं. सगळं वाचलं. आई अंगणातल्या पेळेच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. कणकेपर्यंत आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'तां वीख घरात नको म्हणान मी भायर धाडलंय गो. तांच फिरान इला?'

बरणी घरात होती तोवर त्यांना झोप लागत नव्हती. टाकवत नव्हती आणि ठेववतही नव्हती. डबा रिकामा पाठवणंही जमेना. म्हणून दर वेळी थोडी थोडी करून ती घराबाहेर काढत होत्या. आणि मला सांगितलं का नाही? तर गव्हाचं नाव घरात उच्चारायचीही भीती वाटत होती म्हणून. मी बरणी समोर ठेवली तेव्हा त्यांना वाटलं, मला रेवतीचं कळलं आहे आणि मी त्याचाच जाब विचारते आहे.

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं. पण मी भाकरीचं करा म्हटलं तर हात मागे घेतात. तिच्या ताटाला हात लावायचा नाही, हे माझं बोलणं त्यांच्या मनातून जात नाही आणि माझ्याही जाणार नाही. काय करू, सांगा.

पोरीचं काय होईल ते अजून कळत नाही. बरं वाटायला वेळ लागेल, डॉक्टर म्हणाले. वेळ आहे का आपल्याजवळ, एवढंच मला विचारायचं असतं.

सोनाली

*

पार्से
१२ डिसेंबर २०२४

कुसुम,
तुझ्या सुमनवहिनीचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. सोनाली म्हणाली, या वेळी तुम्हीच लिहा. ती आजपासून कारखान्यात जाऊ लागली. शमिका माझ्यापाशी आहे.

दिवाळीला भरती केली नाही. डॉक्टर म्हणाले, थांबून बघू. थांबलो. नवं पीठ तू कोऱ्या पिशवीतून पाठवलंस ते सोनालीने माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसली. शमिका भुकेली होती. ती ओट्यापाशी आली आणि भाकरी कोण करता म्हणून विचारू लागली. मी पिठाची पिशवी मागे सारली. तेव्हा पोर चिडली, कुसुम. पाय आपटले, माझा पदर ओढला, मोठ्याने ओरडली. मी बघतच राहिले. आमची रेवती शेवटी शेवटी चिडत नव्हती. दिलं तर घ्यायची, नाही दिलं तर पडून राहायची. ही चिडली. म्हणून मी हात धुतले आणि भाकरी थापायला घेतली.

आता रोज थापते. पोट उतरलं आहे. काल फ्रॉक खांद्यात अडकला तर सोनाली हसली आणि मग तोच फ्रॉक तोंडाला लावून रडली. उन्हाळ्यात पुन्हा रक्त तपासायचं आहे. माझी भीती गेलेली नाही. पोर जेवून उठली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसते. ती मला म्हणते, आजी, किती बघतेस.

तुझा डबा पाठवते आहे. गरम पाण्याने दोनदा धुतला, झाकणाची खाच काडीने काढली, उन्हात ठेवला. या घरात आल्यापासून कुणाचं भांडं मी रिकामं धाडलं नव्हतं. दारातून बाहेर काढताना हात अडला. दोन नारळ तरी घालावेत असं वाटलं. घातले नाहीत. हे पत्रसुद्धा आत ठेवलं नाही, गोकुळदासाच्या हातात दिलं आहे.

डबा रिकामा आहे. बोट फिरवून बघ, नखाला काही लागायचं नाही.

सुमन